समुद्राचे पंचांग

मंठ्यासारख्या गावी समुद्रावर व्याख्यान ठेवायचे, हे काही मंडळींना विहीर नसलेल्या मळ्यात मोट बसवण्यासारखे वाटेल. मुंबईचा किनारा येथून रस्त्याने चारशे किलोमीटरांहून दूर. शिवाय आपल्या शिवारात पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून पूर्णेला जातो, पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. ज्या अरबी समुद्रावरून आपले ढग येतात, त्याचे तोंडही हे पाणी पुन्हा पाहत नाही. पाण्याचीच ही तऱ्हा, तर माणसांना तरी तिकडची ओढ कोठून असणार!

तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. आपल्या भागातली माणसे आता हौसेने मोठ्या जहाजांवरून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाऊ लागली आहेत. जाण्यापूर्वी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "समुद्र कसा असतो हो?" समुद्र आज कसा असेल हे जाणकार सांगतील, तो आजवर कसा वागला एवढेच इतिहासाच्या अभ्यासकाला सांगता येते. आणि दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्याच जिल्ह्यात जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे नाव धारण करणारी एक आगबोट मुंबईच्या समुद्रात होती. तिची हकीकत पुढे येईलच.

पहिल्याने वाट पाहू. मुंबईहून दक्षिणेकडे गोव्यापर्यंतचा जलमार्ग सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचा. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आपल्या जुन्या मैलापेक्षा थोडा मोठा. या वाटेवर आगबोटींनी कोकणाला दीर्घकाळ मुंबईशी जोडून ठेवले. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघाली की दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती पणजीला जाई. गिरणीत काम करणारा चाकरमानी गणपती-शिमग्याला याच वाटेने घरी जायचा. पुढच्या काळात चौगुले कंपनीच्या 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' या बोटी या मार्गावर होत्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा आटोपली आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर ती परत येण्याची आशाही मावळली. वेंगुर्ल्याचा म्हातारा मनुष्य अजून ज्या आवाजात 'बोट' म्हणतो, तो आवाज आपल्याकडे फक्त 'पंढरपूर' म्हणताना ऐकू येतो.

यातली बहुतेक बंदरे उथळ. मोठी बोट खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव माणसे घेऊन तिच्याकडे जाई. पडाव म्हणजे सपाट, रुंद, वल्ह्यांची होडी. कोंबड्या, ट्रंका, फणस, लेकुरवाळ्या बाया, सारे त्यातच. आगबोटीच्या प्रवासात सर्वांत अवघड भाग कोणता असे जुन्या माणसाला विचारले, तर तो भर समुद्राचे नाव घेत नाही. पडावातून बोटीवर चढण्याचे घेतो.

आता वारा. कोकणच्या किनाऱ्यावर कार्तिकापासून वैशाखापर्यंत दिवसाचा एक ठरीव क्रम असतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. दुपारी जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्रावरून येतो. हे खारे वारे. शाळेत आपण हे दोन शब्द पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. बोटीवर मात्र ते अंगाला समजतात. सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा असतो आणि दुपारी तीननंतर त्यावर पांढरे शेंडे उठतात. नवखा प्रवासी समजतो, वादळ आले. ते वादळ नव्हे, रोजचे दुपारचे वारे होय.

माघ-फाल्गुनापासून या दुपारच्या वाऱ्याला वायव्येचा जोर चढतो आणि त्यातून जाण्यायेण्याचा एक भेद निर्माण होतो. मुंबईहून गोव्याकडे जाताना हा वारा पाठीशी असतो. परतताना तो तोंडावर येतो. हा भेद शिवाजी महाराजांच्या आरमारालाही चुकला नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मालवणहून जहाजांनी निघाले आणि दक्षिणेस बसरूरवर गेले. स्वारी झाली, गोकर्णाचे तीर्थही झाले. पण समुद्रावरून परतताना वायव्येच्या वाऱ्यांनी अडवून धरले, असे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. शिडाचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. त्याला नागमोडी वाट काढावी लागते आणि एका दिवसाच्या मजलेला तीन दिवस लागतात. आजच्या इंजिनाच्या जहाजाला वेळेचा फरक पडत नाही, पण नाळ लाटेवर चढते आणि खाली येते, ते प्रवाशाला जाणवते. म्हणून एकाच सहलीत जाताना समुद्र शांत आणि येताना रागावलेला भासला, तर त्यात गूढ काही नाही.

इथवरचे सारे सुगीच्या दिवसांचे झाले. समुद्राची खरी ओळख मृगाने होते. मे अखेर रोहिणी निघते, जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग, आणि आपला शेतकरी तिफण काढून आकाशाकडे पाहू लागतो. त्याच दिवसांत कोकणातला कोळी आपली होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारतो. जो नैऋत्येचा वारा आपल्याकडे कपाशीला जीवदान देतो, तोच तिकडे बंदरे बंद करतो. हिवाळ्यात जेथे लाट मीटरभर असते तेथे पावसाळ्यात ती तीन ते पाच मीटर उठते. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात जातात. म्हणजे समुद्र कधी पाहिला नसला तरी समुद्राचे पंचांग मंठ्याच्या प्रत्येक घरात खुंटीला टांगलेले आहे. आपण त्यात पेरणी पाहतो, कोळी तीत दर्या पाहतो. 'मोसम' हा शब्दच अरबी खलाशांकडून आलेला. ठरलेल्या ऋतूत वाहणारे वारे, हा त्याचा समुद्रावरचा अर्थ.

मराठवाड्यातील हजारो माणसांनी हा मोसम प्रत्यक्ष अनुभवलेला आहे, हे आपण सहसा विसरतो. मी हजच्या यात्रेकरूंविषयी बोलतो आहे. परतूरच्या स्थानकावर गाडी पकडायची, मनमाडला रूळ बदलत म्हणून गाडीही बदलायची, मुंबईला मुसाफिरखान्यात थांबायचे आणि मुघल लाईनच्या बोटीने जेद्द्याला निघायचे. ज्याने पूर्णेच्या पुरापलीकडे पाणी पाहिले नाही, तो एकदम आठवडा-दीड आठवडा चारी बाजूंना पाणी पाही. मुंबई ते एडन सुमारे साडेसोळाशे सागरी मैल आणि नंतर तांबडा समुद्र. हिजरी वर्ष चांद्र आणि अधिक महिना नसलेले, त्यामुळे हजचा काळ दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. १९५४ ते १९५९ या वर्षांत हज जून ते ऑगस्टात आला, म्हणजे जाणे किंवा येणे भर पावसाळ्यात. अरबी समुद्राचा पश्चिम भाग, सोकोत्रा बेटाकडचा, जुलैत सर्वांत खवळलेला असतो. डेकवर चटई टाकून बसलेल्या त्या म्हाताऱ्यांनी तो कसा काढला असेल! एडन ओलांडले की लाट बसे आणि उकाडा सुरू होई. हा जलमार्ग १९९५पर्यंत चालला. त्या यात्रेकरूंपैकी जे आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडून हे लिहून घेण्याचे काम कोणी तरुणाने अंगावर घ्यावे. माझ्या व्याख्यानापेक्षा ते मोलाचे ठरेल.

आता 'रामदास'. १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ अमावास्या तोंडावर आलेली. सकाळी आठच्या सुमारास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाट जेमतेम दीड तासाची. आपल्याकडे मंठ्याहून जालन्याला जावे तितकीच सवयीची. बोटीवर सुमारे सातशे माणसे होती. बंदराचा आडोसा सुटला तसा वारापाऊस वाढला. रेवसच्या अलीकडे, काश्या खडकाच्या परिसरात, एका मोठ्या लाटेने बोट कलली. माणसे घाबरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी कित्येकांना पाण्यातून वर ओढले. मुंबईत ही वार्ता तासन् तास कळली नव्हती. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली तेव्हा शहराला कळले.

या प्रसंगाला लोक दैव म्हणाले. मला तसे म्हणवत नाही. बोट जुनी नव्हती, १९३६ साली बांधलेली होती. वाट अनोळखी नव्हती, अंतर मोठे नव्हते. काळ मात्र ऐन पावसाळ्याचा होता आणि त्यात अमावास्येचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते आणि तितक्याच ओढीने उतरते. बाहेर जाणारी ओहोटी आणि आत येणारा नैऋत्येचा वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात. अष्टमीच्या सुमारास पाणी मंद असते. कोकणात त्याला भांग म्हणतात. दुसरी गोष्ट माणसांच्या धावण्याची. बैलगाडीत मागच्या अंगाला ओझे जास्त झाले की गाडी उलार होते, हे आपल्याकडच्या पोरालाही ठाऊक असते. बोटीचे तेच आहे, फक्त ती आडवी उलार होते. कललेल्या बोटीवर जागच्या जागी बसून राहणे फार कठीण. पण बोटीवर चढल्यावर पहिल्याच तासात जी कवायत घेतात, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे व कोठे जमायचे हे सांगतात, ती याच धावपळीवरचा उपाय आहे. हल्लीचे प्रवासी त्या वेळी छायाचित्रे काढीत असतात.

पावसाळा टाळला म्हणजे भागले, असेही नाही. त्याच्या दोन्ही उंबरठ्यांवर धोका असतो. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात गेल्या. पुन्हा संताचेच नाव. तेव्हा नारळी पौर्णिमा, दसरा, दिवाळी सारे होऊन गेले होते. दुसऱ्या टोकाला मे महिना. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर तेलविहिरींच्या परिसरात पी-३०५ हा तराफा बुडाला. तो आणि एक टगबोट मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९२७मध्ये वादळाची सूचना बोटीपर्यंत पोहोचण्याची सोयच तोकडी होती. २०२१मध्ये सूचना कितीतरी दिवस आधी मिळाली होती. हा फरक मला अधिक अस्वस्थ करतो.

सहलीची जहाजे याबाबत शहाणी आहेत, कारण त्यांचा धंदाच प्रवाशाच्या सुखावर चालतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'चे मोठे जहाज मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाऊ लागले. सप्टेंबर, म्हणजे नारळी पौर्णिमा उलटल्यावरच. आणि २०२२च्या जूनमध्ये हे जहाज चेन्नईहून फेऱ्या करीत होते, कारण नैऋत्येचा वारा पूर्व किनाऱ्याला पाठमोरा असतो. एवढे अकरा-अकरा मजल्यांचे जहाज, पण मृग निघाला की तेही आपल्या पूर्णेच्या पाण्यामागून बंगालच्या उपसागराकडे जाते. याचा मला फार आनंद झाला.

आता ज्या प्रश्नासाठी मंडळी थांबली आहेत तो, बोट लागते का? लागते. गाडी लागते तशीच. आतल्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. या दोघांचे भांडण पोटावर निघते. म्हणून मोकळ्यावर यावे आणि क्षितिजाकडे पाहावे. लांबच्या प्रवासात दोन-तीन दिवसांत बहुतेकांचे शरीर सरावते. गोव्याची फेरी मात्र सराव होण्यापूर्वीच संपते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखी पाती असतात. त्यांनी आडवे डोलणे कमी होते, नाळेची वरखाली मात्र थांबत नाही. एस.टी.च्या मागच्या बाकावर दणके जास्त, मधल्या बाकावर कमी, हे आपण जाणतो. जहाजातही मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत स्थिर. ती बहुधा स्वस्तही असते. कंपनीचा मनुष्य हे आपण होऊन सांगेलच असे नाही.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी एवढेच आणखी. तेथल्या बेटांभोवती प्रवाळाचे उथळ खडक आहेत. मोठे जहाज बाहेर उभे राहते आणि लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. लाट मोठी असली तर तो उतार रद्दही होतो, त्यावर वाद घालू नये. होडीत पाय टाकताना मालवणच्या पडावावर तांडेल जे सांगत असे तेच लक्षात ठेवावे : होडी लाटेबरोबर वर येते, माथ्यावर क्षणभर थांबते, तेव्हाच पाय टाकायचा. खाली जाऊ लागली की थांबायचे. ती पुन्हा वर येतेच.