सागरी अभयारण्यात जाताना परवाना कोणाचा?

मांडवगण फराटा - दिवाळी आणि नाताळच्या सुट्यांत शिरूर, दौंड परिसरातून कोकणाकडे सहलींचा ओघ सुरू होतो. मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेल्या बहुतेक पर्यटकांना आपण एका अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात प्रवेश करीत आहोत, याची कल्पना नसते. शेजारच्या बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकारांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेथे प्रवेशद्वार दिसते आणि मनुष्य आपोआप सावध होतो. समुद्रात दार नाही, कुंपणही नाही. कायदा मात्र दोन्ही ठिकाणी एकच आहे: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२.

मालवणचे क्षेत्र
मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर असून, त्यापैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे पाण्याखालचे खडक या गाभ्यात मोडतात. याच खडकांवर प्रवाळ म्हणजे पोवळी वाढतात. दगडासारखी दिसणारी ही पोवळी सजीव असतात आणि त्यांची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर एवढीच होते. पोहताना दम लागला म्हणून क्षणभर पाय टेकला, तरी अनेक वर्षांची वाढ मोडून पडते.

कायदा काय सांगतो?
अधिनियमाच्या कलम २७ नुसार कर्तव्यावरील शासकीय सेवक, परवानगी मिळालेले रहिवासी, हद्दीत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले आणि सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे अशा मोजक्या व्यक्तींखेरीज इतरांना अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक पर्यटन, छायाचित्रण, वन्यजीवांचा अभ्यास, शास्त्रीय संशोधन आणि रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार या कारणांसाठी परवाना देऊ शकतात. वन्यप्राण्यांना छेडणे आणि कचरा टाकणे यांस कलम २७ मध्येच मनाई आहे. कलम ३१ नुसार पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही.

प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना केंद्र सरकारची पूर्वसंमती घ्यावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे रक्षण करावे, ही तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने आली. मालवणची घोषणा त्याआधीची आहे. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने तेथील मच्छीमारांनी अभयारण्यास दीर्घकाळ विरोध केला. म्हणूनच ज्या पाण्यात स्थानिकांच्या जाळ्यांचा प्रश्न निघतो, त्याच पाण्यात पाहुण्यांनी बेफिकीर वागणे अधिक खटकते.

एक स्थळ, अनेक यंत्रणा
जेटीवर मिळते ते तिकीट होडीचे असते. ते काढले म्हणजे साऱ्या परवानग्या मिळाल्या, असे नव्हे. प्रवासी होड्या व जलक्रीडा यांचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, किल्ल्याच्या वास्तूचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर अभयारण्य वन विभागाकडे आहे. पावसाळ्यात, साधारणतः मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, होड्या व जलक्रीडा बंद असतात.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलींनी विशेष दक्षता घ्यावी. निरीक्षणाचा परवाना म्हणजे नमुने गोळा करण्याची मुभा नव्हे. २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना कायद्याच्या अनुसूची एकमध्ये संरक्षण आहे. मेलेल्या पोवळ्याचा तुकडा पिशवीत टाकणे हासुद्धा गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची एकमधील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

अन्य ठिकाणच्या पद्धती
गुजरातेत जामनगरजवळ कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात नरारा येथे वन विभागाच्या परवानगीने, ओहोटीच्या वेळी चालत जाऊन सागरी जीव पाहता येतात. अंदमानातील वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे ऋतूनुसार आलटून-पालटून उघडली जातात, म्हणजे एका बेटाला विश्रांती मिळते. तमिळनाडूतील मन्नारच्या आखातातील २१ बेटांवर पर्यटकांना उतरण्यावर निर्बंध आहेत. आपल्याकडे २०१५ मध्ये घोषित झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात ऐरोली येथील केंद्रातून भरतीच्या वेळा पाहून बोटफेरी निघते.

सहल आयोजकांसाठी
* निघण्यापूर्वी वन विभागाकडे प्रवेश, छायाचित्रण व शुल्काची चौकशी करावी. दर वेळोवेळी बदलतात.
* होडीची नोंदणी व प्रवासीक्षमता पाहावी. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे.
* पाण्याखाली उतरताना खडकावर उभे राहू नये, काही उचलू नये, माशांना खाऊ घालू नये.
* होडीचा नांगर प्रवाळावर टाकू नये, असे नावाड्यास आधीच सांगावे.
* प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या किनाऱ्यावर परत आणाव्यात.
* शंख-शिंपले व पोवळ्याच्या वस्तू विकत घेऊ नयेत.

समुद्रात पहारा ठेवणे जमिनीइतके सोपे नाही. तेथील नियमांचे पालन बहुतांशी पाहुण्यांच्या आणि त्यांना नेणाऱ्या नावाड्यांच्या जाणतेपणावर अवलंबून आहे. शाळा-महाविद्यालयांनी सहलीच्या सूचनापत्रकातच हे नियम छापल्यास विद्यार्थ्यांना ते होडीत बसण्याआधी कळतील.