वास्तुलेख, सातारा–सांगली परिसरातील
वास्तूचा कर्ता, काल व प्रयोजन कळावे म्हणून तिच्यावर कोरलेला वा रंगविलेला मजकूर. साताऱ्याजवळील लिंब येथील बारामोटेची विहीर हे याचे चांगले उदाहरण होय. तेथील शिलालेखानुसार ती विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ (इ. स. १७१९–२४) या काळात बांधविली. लेख नसता, तर केवळ बांधणीवरून फार तर शतक सांगता आले असते. रंगविलेल्या पाट्या मात्र अल्पायुषी असतात : १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचे १९६० मध्ये सांगली असे नामांतर झाले आणि जुन्या नावाच्या पाट्या निरुपयोगी ठरल्या. शिलालेखांची हानी बहुधा श्रद्धेपोटीच होते. जीर्णोद्धारात दिलेला चुना व तैलरंग अक्षरांच्या खाचांत भरतो; रंगाखाली ओल कोंडून दगडाचे पापुद्रे सुटतात. तो लोखंडी हत्याराने खरवडणे तर अधिकच घातक. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी आणि ओल्या कागदावर लेखाचा ठसा घेऊन ठेवावा. माहितीफलक भिंतीत खिळे न ठोकता स्वतंत्र खांबावर उभारावा.