ताम्रपट आणि चौथीचा वर्ग

इतिहास म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे काय येते? सनावळ्या, राजांची नावे आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी. पेपर झाला की सगळे विसरायचे. यात मुलांचा दोष थोडा. आपण त्यांना उत्तर देतो, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे सांगायचे राहून जाते. म्हणून आज एका ताम्रपटाची हकिगत ऐका. वर्गात प्रश्न कसा विचारावा, हे तिच्यावरून चांगले समजते.

हा ताम्रपट वाशीमचा. वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी, पण वाशीम हे गाव फार जुने. त्याचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींवरून ते पडले असे लोक सांगतात. ही झाली परंपरा. पुरावा हाती आला १९३९ साली. त्या वर्षी वाशीमला तांब्याचे कोरीव पत्रे उजेडात आले. वाचून पाहिले तर ते वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे दानपत्र निघाले. काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा. वंशावळ संस्कृतात, तर व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. राजाने आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून हे दान दिले होते.

तोपर्यंत वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वाशीमला नांदत होती, हे अभ्यासकांना ठाऊक नव्हते. ताम्रपटात प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन आणि नातू विंध्यशक्ती अशी नावे आहेत. आता अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातही वाकाटकांचा एक लेख आहे. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने तो कोरवला. त्याची अक्षरे झिजलेली, म्हणून जुन्या पंडितांच्या वाचनात काही नावे चुकली होती. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ताम्रपट जवळ ठेवून तो लेख पुन्हा तपासला, तेव्हा तिथेही सर्वसेनाचे नाव लागले. एवढे मोठे पंडित, पण छापलेले वाचन पुन्हा तपासायला ते कचरले नाहीत. मग चौथीतल्या पोराने ‘गुरुजी, हे कशावरून?’ असे विचारले, तर आपण त्याला खाली का बसवावे?

आता या दानपत्रातला शेतकऱ्यांच्या कामाचा भाग सांगतो. दान दिलेल्या गावाला राजाने सवलती दिल्या आहेत. या गावातून फुले आणि दूध घेऊ नये. पाळीपाळीने बैल मागू नयेत. कोळसा आणि कातडे मागू नये. शिपायांनी गावात शिरू नये. अशी ती यादी आहे.

गुरुजनहो, ही यादी फळ्यावर लिहा आणि मुलांना एकच प्रश्न घाला : ‘घेऊ नये’ असे राजाला मुद्दाम का लिहावे लागले? थोडा वेळ गप्प राहा. उत्तर सांगायची घाई करू नका. कोणीतरी पोरगी म्हणेलच, ‘म्हणजे बाकीच्या गावांतून घेत असतील!’ झाले, मुलांनी स्वतः इतिहास शोधला. दानपत्रात जे स्पष्ट लिहिलेले नाही, ते त्यांनी पुराव्यावरून ताडले.

पुढचा प्रश्न घरी विचारायचा. पूर्वी सरकारी माणूस मुक्कामाला आला की त्याची बडदास्त कोण ठेवी? आजोबा-आजी वेठीच्या, बलुत्याच्या ऐकलेल्या गोष्टी सांगतील. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात मांडा. दोन घरच्या गोष्टी जुळल्या नाहीत तर बिघडत नाही. का जुळत नाहीत, हाच तिसरा प्रश्न. कोणी स्वतः पाहिले आणि कोणी नुसते ऐकले, हा भेद मुलांना कळू लागतो.

याचा आणखी एक लाभ आहे. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या बाजूला बंजाऱ्यांचे तांडे आहेत. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूरचे मुलूख तुडवीत. पाठ्यपुस्तकात आपल्या घरचे कोणी नाही, म्हणून तांड्यावरचे मूल मागच्या ओळीत मुके बसते. बैलांचा आणि मालवाहतुकीचा प्रश्न निघाला की सांगण्यासारखे त्याच्याजवळच सर्वांत जास्त असते. इतिहास दिल्लीत नि रायगडावर घडला तसा आपल्या तांड्यावरही घडला, हे त्याला समजले तर ते शाळेत टिकेल.

ही रीत आपल्याकडे अगदी नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिच्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने केलेल्या योजनेत सामाजिक अभ्यासाला जागा होती, आणि मुलाने भोवतालच्या जीवनातून शिकावे असा आग्रह होता. आज तिसरी-चौथीला ‘परिसर अभ्यास’ हा विषयच आहे. नाव आले, आता परिसरात जायला हवे.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कुठून आणायचा? सगळे धडे असे शिकवा असे मी म्हणत नाही. महिन्यातून एक धडा घ्या. गावची बारव, वेशीजवळचा वीरगळ, जुना सातबारा, काहीही चालेल. तीन प्रश्न पुरेत : हे काय आहे, कशावरून म्हणता, आणि दुसरे काही असू शकेल का? उत्तर सापडले नाही तर ‘अजून कळले नाही’ असे वहीत लिहू द्या.

आणि गावकरी मंडळींना एक विनंती. नांगराला एखादा कोरीव पत्रा किंवा दगड लागला तर तो मोडीत घालू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा, आणि गुरुजींनाही दाखवा. वाशीमचे ते पत्रे कोणी भांड्यांसाठी वितळवले असते, तर अजिंठ्याच्या लेखातल्या सर्वसेनाला आपण कदाचित आजही ओळखले नसते.