लो मेमोरियल लायब्ररी : बाबासाहेबांच्या काळातले ग्रंथालय, आजची प्रशासकीय इमारत

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेले आपले तरुण लेहमन ग्रंथालयातील बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यासोबत आवर्जून फोटो काढतात. पण १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकत होते, तेव्हा विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय होते लो मेमोरियल लायब्ररी. नावात ‘लायब्ररी’ अजून आहे, आत मात्र अध्यक्षांचे कार्यालय आणि प्रशासन आहे.

विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष सेथ लो यांनी वडील एबिएल ॲबट लो यांच्या स्मरणार्थ पदरचे दहा लाख डॉलर दिले. १८९५ ते १८९७ दरम्यान इमारत उभी राहिली. वडील चीनशी व्यापार करणारे. स्वतःची पेढी काढण्याआधी ते रसेल अँड कंपनीत भागीदार होते आणि ही कंपनी चहा-रेशमाबरोबर अफूचाही धंदा करायची. इमारतीचे कौतुक करताना हेही माहीत असावे.

वास्तुरचनाकार चार्ल्स मॅकिम यांनी रोमच्या पँथिऑनचा आदर्श घेतला. रुंद पायऱ्या, दर्शनी बाजूला दहा भव्य खांब, वर घुमट. घुमटाखाली हिरव्या संगमरवराच्या १६ स्तंभांनी वेढलेले वाचन दालन होते. पायऱ्यांवर १९०३ पासून डॅनियल चेस्टर फ्रेंच यांचा ‘अल्मा मेटर’ हा पुतळा आहे; त्याच्या वस्त्राच्या घडीत एक घुबड लपलेले आहे, शोधल्याशिवाय दिसत नाही.

दिमाख मोठा, पण पुस्तकांना जागा अपुरी. १९३४ मध्ये समोरच नवे ग्रंथालय (आजचे बटलर) सुरू झाले, पुस्तके तिकडे गेली. त्यामुळे ५ जून १९५२ रोजी बाबासाहेबांना कोलंबियाने एलएल.डी. ही मानद पदवी दिली, तेव्हा त्यांच्या विद्यार्थिदशेतले हे ग्रंथालय कचेरी झालेले होते.

एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या याच कार्यालयाचा ताबा घेतला. व्हिएतनाम युद्धाशी निगडित संशोधनाला विरोध होताच. दुसरे कारण होते व्यायामशाळा. हार्लेमलगतच्या सार्वजनिक उद्यानात विद्यापीठ ती बांधणार होते आणि हार्लेमच्या रहिवाशांसाठी खालच्या बाजूला वेगळे दार ठेवणार होते. वेगळे दार म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी शेजारचा हॅमिल्टन हॉल धरून ठेवला होता. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत घुसले, सुमारे सातशे जणांना अटक झाली. ती व्यायामशाळा मात्र त्या उद्यानात कधीच उभी राहिली नाही.