तळटीप : मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल
एगाल (१९२८–२००२) : मूळ मजकुरात त्यांना नुसते ‘माजी राजदूत’ म्हटले आहे, ते फारच तोकडे आहे. २६ जून १९६० रोजी ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झाला, तेव्हा सरकारचे प्रमुख एगालच होते. पाचच दिवसांनी तो प्रदेश दक्षिणेकडील सोमालियात विलीन झाला. १९६७ मध्ये ते सोमालियाचे पंतप्रधान झाले. सियाद बारे यांच्या १९६९ च्या लष्करी बंडानंतर तुरुंगात गेले. पुढे त्याच सियाद बारे राजवटीने त्यांना भारतात राजदूत म्हणून धाडले आणि नंतर पुन्हा कोठडीत टाकले! १९९३ पासून मृत्यूपर्यंत ते वेगळ्या झालेल्या सोमालीलँडचे अध्यक्ष होते. त्यांच्या हयातीत एकाही देशाने त्याला मान्यता दिली नाही. — संपा.