नशीब आणि कसब

म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला मिळतात. याच तालुक्यातल्या बन्नूर गावी पंधराव्या शतकात व्यासतीर्थांचा जन्म झाला असे परंपरा सांगते. जवळच्या सोसले गावाच्या नावाने त्यांचा मठ आजही ओळखला जातो. जीव कर्ता खरा, पण त्याचे कर्तेपण ईश्वराच्या अधीन, हे मध्वमत त्यांनी तर्काने मांडले. बसरा आणि दमास्कस इथे हाच प्रश्न त्यांच्या सुमारे आठशे वर्षे आधी पेटला होता आणि त्यापायी माणसांचे प्राण गेले होते.

उमय्यद खलिफांना 'आमची सत्ता अल्लाच्याच इच्छेने' असे म्हणणे सोयीचे होते. मग जुलूमही विधिलिखित ठरतो आणि जाब कोणाला विचारायचा, हे उरत नाही. आपल्या कृत्याला माणूस स्वतः जबाबदार आहे, असे म्हणणाऱ्यांना 'कदरिया' हे नाव पडले. त्यांतल्या मअबद अल-जुहनी आणि गैलान दमिश्की यांना देहदंड झाला.

पुढे मुअतझिलांनी हा विचार शास्त्रात बसवला. त्यांचा मुद्दा सरळ होता: अल्ला न्यायी असेल, तर जे माणसाच्या हातात नाही त्याची शिक्षा तो माणसाला देणार नाही. अबुल हसन अल-अशअरी (मृत्यू इ.स. 935-36) आधी याच पंथाचे होते. पण माणूस स्वतःच्या कृत्याचा निर्माता मानला, तर अल्लाशेजारी दुसरा निर्माता उभा राहतो, ही अडचण त्यांना मोठी वाटली. त्यांनी तोड काढली ती 'कस्ब'ची: कृत्य अल्ला निर्माण करतो, माणूस ते कमावतो, आणि कमाई ज्याची, हिशेबही त्याचाच. टीकाकार म्हणाले, यात शब्दाखेरीज माणसाच्या हाती काय उरले? समरकंदच्या मातुरीदींनी (मृत्यू इ.स. 944) निवडीला अधिक जागा दिली, भारतातले बहुसंख्य हनफी मुसलमान श्रद्धाशास्त्रात त्यांचीच परंपरा मानतात.

अल-गझाली (1058–1111) त्याहून खोल गेले. आग कापसाला जाळते असे आपण म्हणतो, पण दिसते ते एवढेच की आग लागली आणि कापूस जळला, जाळणारा अल्लाच. कॉर्दोबाच्या इब्न रुश्द यांनी (1126–1198) उत्तर दिले की कार्यकारणभाव नाकारला, तर ज्ञानच उरत नाही. त्यांच्या मते इच्छा आपली असते, पण ती बाहेरच्या कारणांनी घडते, आणि त्या कारणांची व्यवस्था अल्लाची आहे.

मध्वमताने हे तिकडून घेतले, असे सुचवायचे नाही. एकच सर्वशक्तिमान ईश्वर मानला, की न्यायाचा प्रश्न आपोआप दारी येतो.

मराठीने मात्र या वादातले शब्द खरोखरच घेतले. 'नशीब' म्हणजे मूळ अरबीत वाटा, 'किस्मत' म्हणजेही वाटणी. आणि अशअरींचा 'कस्ब' म्हणजे आपले 'कसब', जे कारागिराच्या हातात असते. बोलताना आपण यश कसबाच्या खात्यावर मांडतो आणि अपयश नशिबाच्या. दमास्कसच्या खलिफांनीही दोष ढकलायला हेच खाते वापरले होते.