खडकाच्या सांध्याला आकडा कसा मिळाला

माहुलच्या शेजारी ट्रॉम्बेची टेकडी आहे. तिथला काय किंवा अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काय, आपला काळा कातळ दिसतो अखंड. पण आत सांधे असतात. महापालिकेनं अमर महालपासून ट्रॉम्बे आणि परळकडे जलबोगदे खोदले. अशा कामात कातळ किती कठीण, एवढंच विचारून भागत नाही. सांध्यावरून एक तुकडा दुसऱ्यावर घसरेल का, हे आधी विचारावं लागतं.

२ डिसेंबर १९५९ रोजी फ्रान्समधलं मालपासे धरण फुटलं, चारशेहून अधिक माणसं गेली. दोष काँक्रीटचा नव्हता, डाव्या काठाचा खडक आतल्या भेगांवरून सरकला होता. तिथून या प्रश्नाकडे गांभीर्यानं पाहिलं गेलं. १९६६ मध्ये पॅटननं करवतीसारखे दाते असलेले नमुने घासून दाखवलं, की वरचा तुकडा नुसता घसरत नाही, दात्यावर चढतो. पण निसर्गात असे नीट दाते कुठे असतात?

मग आला निक बार्टन. १९७७ मध्ये चौबे यांच्यासह त्यानं १३६ सांधे तपासले आणि दहा रेषा छापल्या. प्रत्येक दहा सेंटीमीटरची, सपाट ते खडबडीत, आकडा शून्य ते वीस. आपण पातळ तारांची फणी खडकावर दाबायची, उमटलेली रेषा या दहांशी ताडून पाहायची. रंगाच्या दुकानात शेड कार्ड बघतो ना, अगदी तसं! पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संस्थेनं ही रीत शिफारशीत घेतली.

आता माझ्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथं थांबावंसं वाटतं. हा आकडा रेषेवरून आलेलाच नाही. नमुन्याचे दोन भाग एकमेकांवर ठेवून हळूहळू तिरपे केले, वरचा कधी घसरतो ते पाहिलं, त्यावरून उलटं गणित मांडलं. रेषा नंतर जोडली. म्हणजे मोजला तो विरोध, नाव दिलं खडबडीतपणाचं. माझ्या मते यात फसवणूक नाही, पण विसर पडला तर घोटाळा होतो. १९७९ मध्ये त्से आणि क्रुडन यांनी रेषेच्या चढउतारावरून आकडा काढायची सूत्रं दिली. सोयीची आहेत, पण तीही त्याच दहा रेषांवर बेतलेली.

खरी अडचण लांबीची आहे. १९८१ मध्ये बँडिस आणि बार्टन यांनी दाखवलं, की सांधा मोठा झाला की हा आकडा उतरतो. हातातला दहा सेंटीमीटरचा तुकडा उताराला असतो त्यापेक्षा अधिक भक्कम ठरवतो. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा तसाच टेकडीच्या उताराला लावता येत नाही, आधी कमी करून घ्यावा लागतो.